भिंतीवरून उतरलेल्या चांदण्या

त्या वर्षी माझी बदली सावली तालुक्याच्या आतल्या भागात, तलावाकाठच्या एका गावातल्या शाळेत झाली. माझं माहेर चिमूरकडचं, त्यामुळे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बोलण्यात ‘का’च्या जागी येणारं ‘काऊन’ मला नवीन नव्हतं. नवीन होती ती शाळा. दोन खोल्या, समोर कडुनिंब, आणि शिक्षक म्हणून मुख्याध्यापक सर व मी. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे.

आमच्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. जूनच्या शेवटी पोरं येणार म्हणून आम्ही आधीच वर्ग लावायला बसलो. सरांनी बांबूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. मोजायला मोहाच्या बिया होत्या, आणि बाटल्यांच्या झाकणांवर त्यांनी रंगानं एकेक अक्षर काढलं होतं. कागदाची कार्डं का नाहीत असं मी विचारलं, तर म्हणाले की पावसाळ्यात इथं कागदाला वाळवी लागते, झाकणांना लागत नाही. मी मात्र सावलीच्या बाजारातून तक्ते, स्केचपेन आणि चमकीच्या चिकटणाऱ्या चांदण्यांची पाकिटं आणली होती. तक्त्यावर प्रत्येक मुलाचं नाव लिहिलं. न अडखळता वाचलं, नखं कापून आलं, घरी राहिलेल्या मैत्रिणीला सोबत आणलं, की नावापुढे एक चांदणी.

सुरुवातीला पोरं अगदी वेडी झाली. शाळेत आल्या आल्या आधी तक्त्यापाशी जायची आणि बोट ठेवून आपल्या चांदण्या बघायची. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की चांदण्या कमी होत चालल्या आहेत. तक्ता कुठं फाटलेला नव्हता. नखानं हळूच सोडवल्यासारखी एकेक जागा रिकामी दिसत होती. आधी वाटलं, ओल आहे, गोंद सुटला असेल. पण झाडताना खाली एकही सापडली नाही. सरांना सांगितलं, तर ते गंभीर चेहरा करून म्हणाले की एखाद्या पालीला गोड लागत असतील.

मला राग आला नव्हता. चांदण्या जातात कुठं, एवढंच कळून घ्यायचं होतं. त्यामुळे वर्गात विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळे खाली बघत बसले असते आणि पुढचं काहीच कळलं नसतं.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी तलावाच्या पाळीवरून बस थांब्याकडे निघाले होते. समोरून डोक्यावर मासळीची टोपली घेऊन एक म्हातारी आली. तिच्या कपाळावर, बरोबर मधोमध, माझी सोनेरी चांदणी होती.

मी थांबले. कुठून आणली म्हणून विचारलं.

“नातीनं लावून देल्ली,” ती म्हणाली. “मी आज एकटीनंच जाळं ओढलं ना. तुमच्या शाळेत असंच करतेत म्हणे. चांगलं काम केलं का देतेत.”

तिची नात माझ्याच वर्गात दुसरीला होती. वाचायची छान, पण इतक्या बारीक आवाजात की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागे. प्रश्न विचारला की मान हलवायची, बोलायची नाही. तक्त्यावर सगळ्यांत जास्त चांदण्या तिच्याच होत्या. आता तिथं एकही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की काल मी एक चांदणी पाहिली आणि ती तिथं फार शोभत होती. बाकीच्या कुठं आहेत ते मला बघायला आवडेल. मग एक हात वर झाला, मग दुसरा. एकीची चांदणी शेळीच्या शिंगावर होती, कारण शेळीनं दोन पिल्लं दिली. एकाची धाकट्या भावाच्या गालावर, कारण सुई टोचताना तो रडला नाही. एकीनं आईच्या हाताला लावली होती, पण धान रोवण्याच्या चिखलात ती निघून गेली. एकानं सरळ आपल्या डब्याच्या झाकणावर लावली होती. काऊन, तर चांगली दिसते म्हणून.

तक्त्यावरून काढताना मला विचारायला नको होतं का, असं मी म्हटलं. तेव्हा ती बारीक आवाजाची मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली.

“आमच्याच होत्या ना मॅडम? नाव तं आमचंच लिवलं होतं.”

बक्षीस दिलं म्हणजे ते त्यांचं झालं, हे खरंच होतं. ते भिंतीवरच राहावं ही इच्छा माझी होती.

सरांशी बोलले. ते म्हणाले, केंद्रप्रमुख आले की आधी भिंती बघतात, तक्ता रिकामा दिसला तर विचारतील. मग म्हणाले, “विचारू द्या. करून पाहू.” तेव्हापासून आम्ही शनिवारी प्रत्येक मुलाला एक चांदणी द्यायला लागलो. ती कोणालाही द्यायची, फक्त स्वतःला नाही. सोमवारी उभं राहून सांगायचं, कोणाला दिली आणि कशासाठी.

माझे सोमवार बदलून गेले. घरी बोलायची भाषा आणि पुस्तकातली भाषा यात पोरं एरवी अडकायची, पण इथं कोणी अडकत नव्हतं. वादही व्हायचे. म्हशीला देता येते का? देता येते असं ठरलं. एकानं मेलेल्या आजोबांच्या फोटोला लावली. दुसरा म्हणाला, त्यायनं तं या हप्त्यात काहीच केलं नाई. पहिला म्हणाला, “होते तवा केलं, तवा कुठी स्टार होते?” सगळ्यांना ते पटलं.

ती मुलगी पहिल्या सोमवारी नुसती उभी राहिली आणि बसली. नंतरच्या सोमवारी आजीचं नाव घेऊन बसली. मग एकदा तिनं आजी फाटलं जाळं कसं विणते ते सांगायला घेतलं. शब्द पुरेनात, म्हणून मी तिला सुतळी दिली. ती गाठ मारत गेली आणि सांगत गेली, आणि मागच्यांना दिसेना म्हणून तिला आवाज मोठा करावा लागला. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. त्यानंतर तिचं वाचन ऐकायला मला वाकावं लागलं नाही.

रोवणं संपत आलं तेव्हा केंद्रप्रमुख आले. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात. तक्ता बघून त्यांनी विचारलंच की नावं आहेत, पण बक्षीस कुणाला मिळालेलं दिसत नाही. सर म्हणाले, पोरांनाच विचारा. पोरांनी सांगितलं. साहेब ऐकत राहिले आणि हसून म्हणाले की मग मलाही एक मिळेल का?

“तुमी आज काय केलं?” त्या मुलीनं विचारलं.

ते म्हणाले की नाल्याजवळ गाडी फसली होती, ती काढून आणली.

“एकट्यानंच?”

साहेब खरं बोलले. बांधीत काम करणारे दोन गडी धावून आले, त्यांनीच ढकलली.

“मंग त्यायले देनं पडन,” ती म्हणाली.

मी पाकिटातून दोन चांदण्या दिल्या. साहेबांनी त्या शर्टाच्या खिशात नीट ठेवल्या, पाढे विचारले, सही केली आणि गेले. देतील का नाही, यावर वर्गात बरेच दिवस चर्चा चालली. मलाही तेच कुतूहल होतं, पण साहेबांना फोन करून विचारणं बरं दिसलं नसतं.

पोळा झाल्यावर सर तालुक्याच्या सभेला गेले आणि परतताना साहेबांचा निरोप घेऊन आले. एक गडी नाल्याजवळच भेटला, त्याला चांदणी दिली; त्यानं ती आपल्या सायकलच्या दांडीवर लावली. दुसरा आरमोरीकडून मजुरीला आला होता, रोवणं संपताच गावी परत गेला. त्याची चांदणी साहेबांपाशीच आहे, तिचं काय करू, असं त्यांनी पोरांना विचारलं होतं.

मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. परत मागून घ्या, असं एक-दोघं म्हणाले. दुसऱ्या कोणाला द्या, असंही एकानं सुचवलं. ती मुलगी म्हणाली की पुढच्या रोवण्याला तो माणूस येईल, तोवर साहेबांनी जपून ठेवावी. मग तिनंच मला विचारलं, तितक्या दिवसांत गोंद वाळत तर नाही ना. मला ते माहीत नव्हतं. म्हणून आम्ही एक चांदणी कागदासकट खिडकीत ठेवली आणि बघायचं ठरवलं.