आप्पामामांची जर्मन गाडी

आमचे आप्पामामा कुणाकडे गेले, की चहाआधी बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीखाली वाकून पाहायचे. तेलाचा थेंब दिसला, की निश्चिंत मनाने आत यायचे. "गळतंय म्हणजे आत तेल हाय," हे त्यांचं शास्त्र. जमीन कोरडी दिसली, तर मात्र चहा त्यांना गोड लागायचा नाही.

मखमलाबादला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. दोन हजार सालानंतर मुंबईकरांनी वापरून सोडलेल्या बड्या गाड्या घाट चढून नाशकात यायला लागल्या, त्यातलीच एक काळी, लांबलचक जर्मन गाडी मामांनी घेतली. "सुलीची पाठवणी हिच्यातूनच. आन् चालवणार मी," हे त्यांनी गाडी दारात आली त्याच दिवशी जाहीर केलं. सुली त्यांची एकुलती लेक, तेव्हा कॉलेजात होती.

गाडी म्हणजे नखऱ्यांचं माहेर. रात्रभर उभी राहिली, की मागच्या सस्पेन्शनमधली हवा जायची आणि सकाळी ती म्हशीसारखी बसलेली दिसायची. काचा बटणावर खाली जायच्या, वर मात्र हातानं ओढाव्या लागायच्या. एक सुटा भाग मुंबईहून येईस्तोवर दुसरा रुसायचा. मामा म्हणायचे, "मोठी गाडी जुनी झाली, तरी तिचा खर्च काय म्हातारा होत नाय." मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुणी जुनी मोठी गाडी घ्यायची म्हटलं, की मी हेच वाक्य ऐकवते. कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

दसऱ्याला मात्र ती हमखास तापायची. पूजा करून, मळ्यातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार पुढच्या जाळीवर दोन पदरी बांधून मामा सगळ्यांना फेरी मारायला न्यायचे आणि गंगापूर रोडला वाफ निघायची. मग थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, पाण्याचा पंपही बदलला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

सुलीचं लग्न देवळ्याच्या कांदा व्यापाऱ्याच्या मुलाशी ठरलं. मामी हात जोडून म्हणाली, "अहो, त्या दिवशी तरी भाड्याची गाडी करा." मामांनी ऐकलं नाही. उलट गाडी इतकी सजवली, की पुढून नुसता झेंडूच दिसत होता. मागे नवरानवरी, पुढे मामांशेजारी मी पाठराखीण, अशी आमची वरात निघाली.

वडाळीभोईच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. मामांचा चेहरा पार उतरला. "तुझी आई बराबर बोलत व्हती गं," ते लेकीला म्हणाले. जावईबापू अदबीनं म्हणाले, "आप्पा, मागं आमची जीप हाये. तिच्यात जाऊ."

सुली शालू सावरत उतरली. गाडीला पुढून नीट न्याहाळत म्हणाली, "आप्पा, हिच्या नाकातोंडात फुलं कोंबलीत तुम्ही. वारा जाईल कुठून?" आणि तिनं हार ओढून काढला. इतक्या दसऱ्यांत हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं! मामा त्या हाराकडे बघत राहिले, मग हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मांडवात पाहुण्यांच्या गडबडीत त्यांचं रडायचं राहूनच गेलं होतं. सुलीनं त्यांना जवळ घेतलं आणि जीप पुढे पाठवून दिली.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि गाडी जी निघाली ती लोण्यासारखी. पण देवळा जवळ आलं तसे मामा हळू हळू चालवायला लागले आणि एका लिंबाखाली त्यांनी पुन्हा गाडी उभी केली.

"तापली वाटतं परत. जरा थांबू," ते म्हणाले.

मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तो अगदी मधोमध होता. मागून सुलीही वाकून पाहत होती.

"थांबू या ना, आप्पा," ती म्हणाली. "चांगली गार होऊ द्या तिला."