मागच्या सीटचं वजन

विमानात एसी बसवणारा माणूस मूर्खच असतो, असं माझं म्हणणं नाही. मोठ्या विमानांत एसी असतोच. पण वारज्यात एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घरी जोडलेल्या दोन माणसांच्या विमानात, भंगारातल्या मोटारीचा एसी बसवणारा माणूस कसा असतो ते मी जवळून पाहिलं आहे. तो माझ्या ताईचा नवरा आहे.

भाऊजी कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी परदेशातून विमानाचे सुटे भाग मागवले. निवृत्त इंजिनिअरला काम कमी आणि श्रोते जास्त लागतात. तेही मिळाले. त्यांच्याच कंपनीतले चार मित्र दर रविवारी शेडमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पीत आणि अधूनमधून "वा!" म्हणत. पंखांचं काम ताईने केलं. सांगाड्यावर कापड चिकटवायचं आणि मग इस्त्री फिरवून ते ताणून घ्यायचं. घरची इस्त्री ती बिबवेवाडीहून पिशवीत घालून आणायची. दोन उन्हाळे तिने त्या पत्र्याखाली उभं राहून काढले. बदल्यात एकच ठरलं होतं. विमान दोघांना घेऊन पहिल्यांदा उडेल तेव्हा मागच्या सीटवर ताई असेल. तिने नवऱ्याकडे आयुष्यात मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट.

एप्रिलमधल्या एका दुपारी भाऊजींनी तिला मागे बसवून पाहिलं आणि वरचं काचेचं झाकण लावलं. पाच मिनिटांत ताई म्हणाली, "अहो, फार उकडतंय. जरा झाकण उघडता का?"

दुसऱ्या कुणीही झाकण उघडलं असतं. भाऊजी विचारात पडले.

पावसाळ्याच्या आत एसी बसला. कॉम्प्रेसर पुढे इंजिनाला पट्ट्याने जोडला आणि गार हवा फेकणारी पेटी मागच्या सीटच्याही मागे, शेपटाकडे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. मी विचारलं, "भाऊजी, पण वर गेल्यावर गारच असतं ना?"

"तुझं पुस्तकातलं झालं," भाऊजी म्हणाले. "हे प्रॅक्टिकल आहे."

चारही खुर्च्या हसल्या.

मग विमानाचं वजन करायचा रविवार आला. शेपूट उचलून विमान समपातळीत आणलं आणि तिन्ही चाकांखाली काटे ठेवले. विमानात नुसतं एकूण वजन मर्यादेत असून भागत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर मधल्या मोठ्या माणसाला उचलतं, तसंच हे. शेपटाजवळचा थोडासा भारही तोल मागे नेतो, आणि तोल फार मागे गेला की वर उचललेलं नाक पुन्हा खाली आणता येत नाही. भाऊजींनी फळ्यावर हिशेब मांडला. सगळं मर्यादेत बसलं आणि टाळ्या पडल्या.

मी फळा वाचला. मागच्या सीटसमोर लिहिलं होतं, पन्नास किलो.

"ताईचं वजन पन्नास?"

"लग्नात होतं," भाऊजी म्हणाले. "बायकांना वजन विचारू नये. तेवढं सौजन्य आहे आमच्याकडे."

या माणसाने विमानातला प्रत्येक नटबोल्ट तोलून घेतला होता. बायको तेवढी अंदाजाने धरली होती.

ताई सगळ्यांदेखत काट्यावर उभी राहिली. बाहत्तर. एक मित्र चहाच्या कपात बघत बसला. भाऊजींनी नवा आकडा घातला आणि तोल मर्यादेबाहेर मागे गेला. नाकात शिशाचं वजन घालून पाहिलं, तर एकूण वजन जास्त झालं.

"पेटी काढून टाका," मी म्हटलं. मी मनातल्या मनात हिशेब केला होता. पेटी नसती तर ताई पोटभर भात खाऊनही बसू शकत होती.

"काढून टाका? अगं, एसी तिच्यासाठीच तर बसवलाय!" आणि मग ताईकडे वळून, अगदी समजुतीच्या स्वरात, "तू दहा किलो कमी कर. दिवाळीपर्यंत होईल."

चौघांनी माना डोलावल्या. ज्यांचं पोट बसल्यावर गुडघ्यांपर्यंत येतं अशा एका गृहस्थांनी भात सोडण्याचा सल्ला दिला. मला त्या पाचही जणांची किळस आली.

ताईने भात सोडला, साखर सोडली, मग रात्रीचं जेवणही सोडलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दिवाळीत तिने डबाभर चकल्या केल्या आणि एकही तोंडात घातली नाही. मी चिडून म्हटलं, "खड्ड्यात गेलं ते विमान. जेव तू नीट."

"एकदा वरून बघायचंय गं मला," ती म्हणाली. "मग खाईन."

दिवाळीनंतरच्या रविवारी पुन्हा काटे मांडले. ताई चपला काढून वर चढली. बासष्ट. ती माझ्याकडे बघून हसली. तिचा चेहरा इतका उतरला होता की ते हसू मला बघवेना.

भाऊजींनी विमानाचं वजन नव्याने घेतलं, आकडा फळ्यावर घातला, बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. हिशेब बसेना.

"असं कसं?" मी विचारलं. "दहा किलो उतरले ना?"

"हो, पण मी मधे दुसरा पंखा बसवला ना," भाऊजी उत्साहाने म्हणाले. "आणि पेटीला जाड आवरण केलं. हिचं वजन उतरतंय म्हटल्यावर तेवढी जागा होतीच. आता आतमध्ये कसलं गार होतं बघ! फक्त वजन थोडं जास्तच झालंय. आणखी पाच किलो उतरव, बास."

तिने उपाशी राहून वाचवलेले किलो त्यांनी परस्पर वापरून टाकले होते, आणि वर कौतुकाची वाट बघत होते. खुर्च्यांवरून एक "वा!" आलंसुद्धा.

ताई काट्यावरून उतरली. तिने चपला घातल्या.

"अहो, तुम्ही एकटेच जाऊन या," ती म्हणाली. मग माझा दंड धरला. "चल गं. मला भूक लागलीय."