आकाशपाळण्यातून उतरताना

काल जत्रेच्या मैदानावरून जाताना जनरेटरच्या डिझेलचा वास आला आणि माझ्या मुठी आपोआप आवळल्या.

हा वास मनात बसला, तेव्हा मी नवी नवरी होते. लातूरच्या जत्रेत नणंदेनं मला ओढतच आकाशपाळण्यात बसवलं. उंचीची भीती वाटते, हे सासरी सांगायचं कसं? पाळणा अगदी वर जाऊन थांबला, डुलायला लागला. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसली आणि माझी साडी ओली झाली.

उतरल्यावर मी जागची हलेना. सगळं सासर समोर उभं. "वैनी, चला की!" नणंद ओरडली. सासूबाई जवळ आल्या, त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग स्वतःची शाल काढून मला पार घोट्यापर्यंत लपेटलं.

"पोरीला थंडी वाजायलीय. आमी व्हतो म्होरं."

वाटभर मी मान खाली घालून रडले. आता जन्मभर टोमणे ऐकायचे, एवढंच डोक्यात होतं. शालीवाचून त्या कुडकुडत होत्या, हे मला दिसलंच नाही.

घर जवळ आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला तर घराच्या माळवदावर बी चढवत न्हाई. कुणाला सांगू नको."