काकूची साखर

दिलेला शब्द जगात फक्त साखरेनंच टिकतो, यावर माझ्या धाकट्या चुलतीइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही. सोयरीक जमली की साखर खातात आणि चार माणसांत साखर खाल्लेला माणूस मागे फिरत नाही, असा आमच्याकडचा साधा रिवाज. तो लग्नापुरता असतो हे काकूला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर तिनं ऐकलं नाही. तिच्या कमरेच्या चंचीत सुपारीऐवजी साखर असते, त्यामुळे सेनगाव तालुक्यातल्या मुंग्या तिला नावानं ओळखतात. आमच्या फाट्यावर गाडी थांबवण्याबद्दल तिनं एकदा एसटीच्या कंडक्टरला साखर खाऊ घातली. तो बिचारा रजेवर जातानाही बदलीच्या माणसाला 'म्हातारी दिसली की थांब' असं बजावून जायचा. जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात शेळी घेतली तेव्हा विकणाऱ्यालाही साखर. शेळी काही दुधाची निघाली नाही. पुढच्या बाजारी काकू ती शेळी घेऊन त्याच्यासमोर नुसती जाऊन बसली आणि दुपारपर्यंत त्यानं शेळी बदलून दिली. मी हिंगोलीला नोकरी करतो. गावाहून निघताना माझ्याही हातावर चिमूट पडतेच. "आखाडीला येतो म्हण." मग आषाढातल्या त्या सणाला जावंच लागतं. डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आहे. पण डॉक्टरांनी स्वतः साखर खाल्लेली नसल्यामुळे त्यांचा शब्द काकू धरत नाही.

एका माणसाला मात्र तिनं कधी अशी साखर दिली नाही, ती म्हणजे तिची सून. गेल्या साली सोयाबीनची मळणी झाली आणि गावातल्या बायांच्या हाताचं काम संपलं. काकूचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर जायचं बोलू लागले. नात शाळा सोडून त्यांच्याबरोबर जाणार होती. मी काकूला गमतीनं म्हटलं, "दे की सुनेला साखर, जाणार नाही म्हणून." तर म्हणाली, "रिकाम्या हाताच्या माणसाला शब्दात न्हाई बांधू, बापू. आधी काम पाहून देते तिला."

आणि संकष्टीच्या दिवशी ती दहा-बारा बाया घेऊन ग्रामपंचायतीत गेली, रोजगार हमीचं काम मागायला. मागायला जायचं म्हणजे तिच्या लेखी मुलगी मागायला जाण्यासारखंच. ठेवणीतलं लुगडं, नारळ, हळदीकुंकू, सगळं बराबर. रोजगार सेवक गावातलाच पोरगा, मोबाईल बघत बसला होता. "आमा समद्या बायांला काम पाहिजे. मागणं घालून राहिलो," असं म्हणून काकूनं त्याच्या हातावर साखर ठेवली. त्यानं ती खाल्ली. एवढ्या बायाबापड्यांसमोर नाही कोण म्हणणार? नोंद मात्र त्यानं केली नाही.

मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा असतो, एवढं मी काकूला फोनवर सांगितलं होतं. पंधरवडा उलटला तशी ती त्या भत्त्याच्या मागे हात धुऊन लागली. इकडे सून गाठोडं बांधत होती. ग्रामसभेला तालुक्याहून साहेब आले, त्या दिवशी मीही मुद्दाम गेलो. साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, "तोंडी मागणीही चालते, आजी. पण ज्याच्याकडं केली त्यानं कबूल तर करायला हवं. नाहीतर भत्त्याला पात्र कसं धरू?"

सेवक जमिनीकडे बघत म्हणाला, "मला तर काही आठवून न्हाई राहिलं, साहेब."

काकू मात्र भांडली नाही. तिनं नुसतं बायांमध्ये बसलेल्या एकीकडे वळून पाहिलं. ती सेवकाची आई. ती पदर सावरत उठली.

"काहून रे, साखर खाल्ली व्हती का न्हाई?"

सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"खाल्ली."

"कशाची?"

"कामाच्या मागणीची."

"कवा?"

"संकष्टीला. उपास व्हता, लई भूक लागली व्हती."

साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, संकष्टीची तारीख पाहिली, तिथून पंधरा दिवस मोजले आणि सेवकाचा जबाब लिहून घेतला. मग चष्मा काढून म्हणाले, "पात्र आहेत. सगळ्या." बायांनी असा काही गलका केला की बाहेर बांधलेल्या शेळ्या दावी तोडू लागल्या. भत्ता मंजूर झालाच, वर आठवड्याभरात तलावातला गाळ काढायचं कामही निघालं. घमेलं घेऊन पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे काकूची सून होती. गाठोडं सुटलं, नात शाळेतच राहिली. काकूनं सेवकाला पुन्हा साखर दिली, "आता रोज हजेरी घेतो म्हण." तो रोज येतो. मला त्या दिवशी काकूचा इतका अभिमान वाटला की मी हिंगोलीत भेटेल त्याला हे सांगत सुटलो होतो.

परवा गावाहून निघताना तिनं नेहमीसारखी चंची काढली. चिमूट आता तिच्या बोटांत धरवत नव्हती, निम्मी साखर अंगणातच सांडली. मला काय वाटलं कोण जाणे, मी चंची तिच्या हातातून घेतली आणि एक चिमूट तिच्याच ओठांपाशी नेली.

"आखाडीला मी येतो तेव्हा दारात उभी असशील, म्हण."

काकूनं तोंड मिटून घेतलं. मग तिनं माझा हात हळूच माझ्याच तोंडाकडे वळवला.

"खोटी साखर आमी खात न्हाई, लेकरा. तू खा. तू ये."

मी खाल्ली.