उजवा पाय आणि झेंडूचं फूल

"हाड आम्ही बसवू. नसेचं आज काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ते बाबांशी बोलत होते. मी अकोल्याच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरवर पडले होते आणि त्यांच्या खिशातल्या पेनांकडे बघत होते. थोड्या वेळापूर्वी त्यांनी मला उजव्या पायाचा पंजा वर उचलायला सांगितला होता. मी उचलला. म्हणजे मला वाटलं, मी उचलला. बाबांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की पाय जागचा हललाच नव्हता.

फाइलवर लिहिलं होतं, पोस्टीरियर हिप डिसलोकेशन विथ ॲसिटॅब्युलम फ्रॅक्चर. सोप्या शब्दांत, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीतून मागे निसटला होता आणि जाताना वाटीची मागची कड तोडून गेला होता. त्या जागेमागूनच सायटिक नर्व्ह नावाची जाड नस पायात उतरते. ती गोळ्याखाली दबली होती. पंजा वर उचलण्याचा हुकूम तिच्यातून जातो. तो पोचत नाही, पाऊल लोंबतं, याला फूट ड्रॉप म्हणतात. माझं वय तेव्हा अठरा होतं आणि माझ्या लायसनचं प्लास्टिकही अजून चुरगळलेलं नव्हतं.

ज्यांच्या घरी नवीन लायसन आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी कमी बोलते. शाळा इंग्रजी, घर वऱ्हाडी, त्यामुळे दोन्हीकडे ऐकून घेण्याचीच सवय लागली. पण हे सांगायला हवं असं वाटतं.

आम्ही अमरावतीला राहतो, आमची नांदगाव खंडेश्वरजवळ फुलशेती आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. बाबा अनेक वर्षं टेम्पोतून फुलं बाजारात नेतात. मला गाडी त्यांनीच शिकवली. मागच्या सीटवर फुलांची टोपली ठेवायची आणि सांगायचं, "ब्रेक असा लाव का वरचं फूल हललं नाई पायजे." फूल दाबलं गेलं की त्याचा भाव जातो, म्हणून आमच्याकडे सगळ्यांचाच ब्रेक मऊ. काका, चुलतभाऊ, सगळ्यांचा. मला त्याचा अभिमान होता. अमरावतीच्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या गाडीत झोप लागते.

त्या दिवशी अकोल्याला एका लग्नाच्या मांडवासाठी शेवंती न्यायची होती. टेम्पो दुरुस्तीला होता, म्हणून फुलं आमच्या नव्या कारमध्ये घेतली. मी चालवत होते, बाबा शेजारी. मूर्तिजापूर सोडल्यावर काही अंतरावर तुरीच्या शेतातून एक रोही रस्त्यावर आली. नीलगाईला आम्ही रोही म्हणतो. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खडखड आवाज आला. मला वाटलं, काहीतरी तुटलं. शेजारून बाबा म्हणाले, "हळू, हळू." मी पाय उचलला.

रोही निघून गेली. न थांबलेली गाडी रस्त्यावरून खाली उतरून बाभळीवर आदळली. बाबांना पट्ट्याचा वळ तेवढा उठला. माझी सीट पुढे ओढलेली होती, गुडघा डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेला. धक्का गुडघ्यातून थेट खुब्यात गेला. पट्टा नसता तर हे लिहायला मी नसते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

खुब्याचा गोळा त्यांनी त्याच दिवशी भूल देऊन जागेवर बसवला. याला रिडक्शन म्हणतात. त्यात उशीर झाला तर गोळ्याचा रक्तपुरवठा जातो, म्हणून घाई. मग सीटी स्कॅन, आणि सूज थोडी उतरल्यावर मोठं ऑपरेशन. वाटीची तुटलेली कड प्लेट आणि स्क्रू लावून जोडली. ऑपरेशन चांगलं झालं. पाऊल मात्र तसंच लोंबत राहिलं.

डॉक्टर राउंडला यायचे, पायाच्या बोटांकडे बघायचे आणि म्हणायचे, "नस तुटलेली नाही, चेंगरलेली आहे. अशा नसा बहुतेक वेळा परत येतात. पण त्यांच्या वेगाने येतात." मी मान हलवायची. बाबा दाराशी उभे राहून ऐकायचे. अपघाताबद्दल ते कुणाशीच बोलत नव्हते. भेटायला आलेले नातेवाईक विचारायचे, काहून झालं, कसं झालं. बाबा उठून पाणी आणायला जायचे. परत यायचे तेव्हा त्यांच्या हातात पाणी नसायचं.

फिजिओथेरपीला निखत मॅडम यायच्या. त्या माझ्या पंज्याच्या थोडं वर हात धरायच्या आणि म्हणायच्या, "मेरे हाथ को लगाव." मला परक्या माणसाने पावलाला हात लावलेला आवडत नव्हता. मी डोळे मिटून घ्यायची. दोन-तीनदा असं झाल्यावर बाबांनी पिशवीतून झेंडूचं एक फूल काढलं. बाजारात उरलेली फुलं ते पिशवीत घेऊनच यायचे, सिस्टर ती वॉर्डात ठेवू देत नसत, म्हणून पिशवी खाटेखाली असायची. त्यांनी फूल देठाला धरून माझ्या अंगठ्याच्या वर लोंबतं धरलं.

"याले लाव बरं अंगठा."

निखत मॅडम बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, रोज ताजा फूल लाना."

तेव्हापासून रोज सकाळी तेच. बाबा खाटेच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसायचे, फूल धरायचे. मी डोक्यातून पायाकडे हुकूम सोडायची. काही व्हायचं नाही. बाबांचा हात अवघडायचा, मग ते दुसऱ्या हातात फूल घ्यायचे. पलीकडच्या खाटेवर मूर्तिजापूरकडच्या एक मावशी होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. एकदा त्या म्हणाल्या, "काहो भाऊ, पोरीच्या पायाची पूजा करून राहिले का?"

"हो बाप्पा," बाबा म्हणाले. "देवच पावून नाई राहिला."

मी हसले. टाके दुखले, पण हसले. अपघातानंतर बाबांच्या तोंडून आलेली ती पहिली गंमत होती.

मग एनसीव्ही नावाची तपासणी झाली. पायाला बारीक विजेचे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो, ते यात मोजतात. झटके सहन होतात, झटक्यांच्या मधला वेळ सहन होत नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "थोडा संदेश जातो आहे. दार पूर्ण बंद नाही." पाऊल लोंबू नये म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकची पट्टी दिली. तिला एएफओ म्हणतात. ती घातली की कुठलीच चप्पल बसत नाही. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. एक नंबर मोठा बूट घ्या.

ज्या सकाळी फूल हललं, त्या सकाळी मी प्रयत्न करते आहे हे मलाही नीट आठवत नव्हतं. मी खिडकीकडे बघत होते. बाबा म्हणाले, "थांब." त्यांनी कोपर खाटेच्या दांडीवर टेकवलं, हात घट्ट केला. "माह्या हातानं हललं असंन. परत कर."

मी परत केलं. अंगठ्याने खालच्या दोन पाकळ्या ढकलल्या.

"हललं व माय," पलीकडून मावशी म्हणाल्या. "म्या पायलं."

फूल बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पाणी आणायला गेले.

पुढचं सगळं सावकाश आहे, आणि ज्यांना यातून जायचं आहे त्यांनी सावकाशीचीच तयारी ठेवावी. अमरावतीला घरी वॉकर, मग कुबड्या, मग एक काठी. पंजा आधी सकाळीच उचलायचा, संध्याकाळी थकायचा. मग संध्याकाळीही उचलायला लागला. एएफओ कपाटात गेली. पाऊस गेला, झेंडूचा हंगाम आला. डॉक्टरांनी मला त्यांच्या तळहातावर पाऊल पूर्ण ताकदीने दाबायला लावलं, मग झटकन उचलायला लावलं, आणि म्हणाले, "आता गाडी चालवायला माझ्याकडून हरकत नाही."

हरकत घरात होती. बाबा नाही म्हणायचे नाहीत. फक्त किल्ली आधी उचलायचे. मीही मागायची नाही. मला खुब्याची भीती नव्हती. शेजारी बाबा बसतील आणि मी ब्रेक लावीन तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय येईल, याची भीती होती. आई म्हणायची, "दोघं एकमेकाले जपून राहिले, अन् गाडी उभ्या उभ्या सडून राहिली."

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनीच त्या कोर्सचं सांगितलं. नवीन लायसन घेतलेल्या मुलामुलींसाठी, गाडी हाताबाहेर जाते तेव्हा काय करायचं ते शिकवणारा. "ब्रेक लावता येणं आणि थांबता येणं यात फरक असतो," ते म्हणाले. "माझ्या वॉर्डात येणाऱ्या मुलांना तो उशिरा कळतो." बाबा ऐकत होते. घरी येताना म्हणाले, "जाऊ आपण."

कोर्स अकोल्याबाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात होता. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे काँक्रीटचं मोठं अंगण रिकामं. त्यावर टँकरने पाणी मारलं होतं. सगळे अठरा-एकोणीस वर्षांचे, आणि पालक शेडखाली. नागपूरहून आलेल्या सरिता मॅडम शिकवत होत्या. आधी त्यांनी कोर्सच्या गाडीत एकेकाला बसवून सीट मागे घ्यायला लावली. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि गुडघा व डॅशबोर्डमध्ये मोकळी जागा हवी. माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला.

मग त्या एबीएसबद्दल बोलल्या. जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते. ते होऊ नये म्हणून ही यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेकदा धरते आणि सोडते. "तेव्हा पेडल थरथरतं, आवाज येतो. ते बिघडलेलं नसतं, काम करत असतं. पाय उचलायचा नाही. दाबून ठेवायचं, आणि जिकडे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग वळवायचं."

शेडखालून बाबा पुढे आले. पालकांनी मध्ये बोलायचं नव्हतं, पण ते बोलले. "मॅडम, आमी तं पोरीले उलटंच शिकवलं. फूल हलू द्यायचं नाई." मग म्हणाले, "त्या दिवशीबी मीच म्हटलं तिले, हळू."

त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी मला ते सहन झालं नसतं.

"काका, बरोबर शिकवलं," मॅडम म्हणाल्या. "रोज तसंच चालवायचं. फक्त ज्या दिवशी रोही समोर येईल, तो एक क्षण सोडून."

माझी पाळी आली. मॅडम शेजारी बसल्या. मी वेग घेतला, अंगणात मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंजवळ ब्रेक लावला, गाडी छान अलगद थांबली, शंकूंच्या बरीच पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मॅडम म्हणाल्या, "तू गाडीला विनंती करते आहेस."

पाय दाबत होता. मी दाबू देत नव्हते.

बाबा आमच्या गाडीकडे गेले. येताना आणलेली झेंडूची टोपली घेऊन आले आणि मी बसले होते त्या गाडीचं मागचं दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, गाडीत सुटी वस्तू नको. बाबांनी फुलं सीटवर ओतली आणि टोपली बाहेर ठेवली. "फुलंच हायेत." मॅडमनी काच खाली घेऊन काही क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि मग स्वतःच उतरून मागे बसल्या. बाबा माझ्या शेजारी बसले. पट्टा लावला.

"सांडू दे आज," ते म्हणाले. "तू दाब, माय."

मी वेग घेतला. शंकू आले. पाय खाली गेला, अगदी खाली, आणि पेडल थरथरायला लागलं, तसंच, त्या दिवशीसारखं, आणि मी दाबून ठेवलं. स्टिअरिंग डावीकडे घेतलं. गाडी ओल्या काँक्रीटवर शंकूंना वळसा घालून थांबली.

मागची सगळी फुलं पुढे आली होती. डॅशबोर्डवर, मांडीवर, गिअरपाशी, बाबांच्या डोक्यावर. मागून मॅडम हसत होत्या. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला ज्याची भीती वाटत होती, ते त्यावर नव्हतं.

त्यांनी डॅशबोर्डवरचं एक फूल उचलून हातात धरलं.

"हललं," ते म्हणाले. "परत कर."

येताना किल्ली त्यांनी उचलली आणि माझ्या हातात दिली. ती बाभूळ आली तेव्हा दोघांनीही तिच्याकडे बघितलं, आणि ती मागे गेली. उरलेली फुलं टोपलीत भरून मागच्या सीटवर ठेवली होती. अमरावतीपर्यंतचे सगळे ब्रेक मी बाबांनी शिकवले तसे लावले. बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांना झोप लागली.