सरांची वाट पाहणारी ढोलक

कार्यक्रमाआधी दिनकर सर स्टेजवर येत, ते गळा साफ करायला नव्हे, आमच्या खुर्च्या मागे ढकलायला. ढोलकवाले मेहबूबभाई आणि बेस गिटारवाला मी, दोघांना पार पडद्याला टेकवून म्हणत, "लोकं मला बघायला येत्यात की. तुमी नुस्तं वाजवा." सोलापुरातल्या आमच्या ऑर्केस्ट्राचे ते मालक आणि मुख्य गायक. पांढरे बूट, चमकीचा कोट, सारे त्यांनी मिळवले होते. केसांना काळा रंगसुद्धा मिळाला, ताल तेवढा कुठे मिळाला नाही.

प्रत्येक अंतरा सर उशिरा उचलायचे. जागा निघून गेली की मेहबूबभाई ठेका तसाच फिरवत ठेवत, त्यांच्यामागे मी. सर आले की त्यांना अलगद गाण्यात घेत. या उशिराला सर 'माझी स्टाइल' म्हणत. मेहबूबभाई म्हणत, "साब आए तक गाडी खडी रखना पडता."

एके दिवशी सरांनी पेनड्राइव्ह आणला. "सगळा रिदम ह्यात हाय. चहा मागत न्हाय, रुसत न्हाय." मेहबूबभाई घरी बसले. मला ठेवले, कारण वायरी जोडायला कुणीतरी हवे होते.

दुधनीच्या जत्रेत पहिल्याच अंतऱ्याला ट्रॅक पुढे निघून गेला. सर मागून धावले, दोन ओळी गाळल्या आणि शेवटी माइकवरच ओरडले, "ए, थांब की!" सगळे मैदान हसले. मीही पोट धरून हसलो.

लगेच मेहबूबभाईंना बोलावणे गेले. मला वाटले, आता हा माणूस नरमला. कसला नरमतोय! बार्शीच्या कार्यक्रमात सरांनी माइकवर जाहीर केले, "जुन्या कलाकाराला आमी परत संधी दिलीय." मी मेहबूबभाईंच्या कानात म्हणालो, "आज गाडी सोडा. पडू दे." अंतरा आला, सर आले नाहीत. आणि मेहबूबभाईंनी गाडी उभी ठेवली. मला भयंकर राग आला. नंतर जाब विचारला तर म्हणाले, "साब अकेले गिरते तो गिरने देता मैं. गाना बी गिरता ना."

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत पाहुण्यांनी त्यांची तालावरची हुकमत वाखाणली. मला हसू आवरेना. मग त्यांच्या गाण्याचे जुने रेकॉर्डिंग लावले. अंतऱ्याची जागा निघून गेली, सरांचा पत्ता नव्हता. शेजारी मेहबूबभाईंची बोटे गुडघ्यावर ठेका फिरवत त्यांची वाट बघत होती.