बंद घरात नोटीस कोणी घेतली?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. कोपरगावातल्या माझ्या कुठल्याही मित्राला विचारा... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

माझी मावशी पुणतांब्याची. गेल्या वर्षी वारली. मृत्युपत्रात लिहिलं होतं — घर विकून पैसे मुलीला, म्हणजे सुमनला द्यावेत. सुमनचे पाय अधू, मावशीनंतर ती माझ्याकडेच असते. तिच्या ऑपरेशनसाठी घर विकणं भाग होतं. पण हे सगळं करायचं कोणी, ते मावशीनं लिहिलंच नाही! मग कोर्टानं मला नेमलं, आणि विक्रीलाही कोर्टाचीच परवानगी. तारखांवर तारखा... डोकं पिकलं.

शेवटी कोणाची हरकत असल्यास कळवावी, अशी नोटीस घरावर डकवायला बेलीफ गेला. त्याचा अहवाल आला — ‘घरातील वृद्ध महिलेने नोटीस घेतली. अंगठा दिला.’

घराला वर्षभर कुलूप. किल्ली माझ्या खिशात!

जजसाहेबांनी विचारलं, “राहणाऱ्या बाईंना पक्षकार का केलं नाही?” अर्ज लटकला. मी बाहेर बेलीफला गाठलं, चांगलाच तापलो होतो.

“अवो, भर दुपारी दार उघडं हुतं,” तो म्हणाला. “म्हातारीनं पानी दिलं. म्हनली, पोरीला आधी हितं आना, मग इका.”

अहवालाची नक्कल घरी येऊन टेबलावर आपटली. सुमननं ती उचलली. ठशावर मधोमध आडवी चीर होती.

“आईचा हाय,” ती म्हणाली.

चारा कापायच्या कडबाकुट्टीत मावशीचा अंगठा चिरला होता, ते तेव्हा मलाही आठवलं.

“तुला जायचंय का तिकडं?”

“व्हय.”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“तू इचारलंस कवा, दादा? वकिलानं फुल्या मारल्या तिथं सह्या तेवढ्या घेतल्यास.”

रविवारी तिला रिक्षानं नेलं. कुलूप गंजलेलं, तेल घातल्याशिवाय उघडेना. सुमन तासभर चुलीपाशी बसून राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “इक आता.”

दुसऱ्या नोटिशीचा अहवाल — ‘घर बंद. नोटीस दारावर डकवली.’ महिन्याभरात परवानगी मिळाली.

वकील म्हणतात, बेलीफ घर चुकला. असेलही... पण ती चीर? अंगठ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सुमनला वर्षभर एकदाही का विचारलं नाही, याचंही नाही.